दुसऱ्या हातावरचा कापूस

अझाबोच्या पायाला भिंगरी होती. पाचवीत मास्तरांनी त्याला फळ्यासमोर उभं केलं, आणि ते वळले तसा हा खिडकीतून बाहेर पडला तो परत शाळेत गेलाच नाही. मग बरीच वर्षं त्यानं नाईलच्या काठावरून आरुआच्या बाजारात सुकी मासळी आणली. सायकलच्या मागं टोपलं बांधायचं आणि चढ लागला की उतरून ढकलायची. मासळीचा वास त्याच्या अंगात इतका मुरला होता की बायको म्हणायची, "तू यायच्या आधी मांजर येतं घरी."

मग मिशनच्या इस्पितळात रक्तवाले आले. त्यांचं खरं नाव लांबलचक होतं, पण लोक रक्तवालेच म्हणायचे. त्यांना सायकल असलेला, सगळ्या पायवाटा ठाऊक असलेला आणि बोलण्यात पटाईत माणूस पाहिजे होता. अझाबोकडं तिन्ही होतं.

काम असं होतं. आपल्याकडं पोरांचा जबडा सुजायचा. पाच-सहा वर्षांचं पोर आज म्हणायचं दात हलतोय, पुढच्या आठवड्यात गालात आंबा धरल्यासारखं दिसायचं, आणि महिन्याभरात त्याच्याकडं बघवायचं नाही. डॉक्टर त्याला लिम्फोमा म्हणायचे, कॅन्सरचीच एक जात. त्याच्यावर इंजेक्शन निघालं होतं. वेळेवर मिळालं तर गाठ विस्तवाजवळच्या लोण्यासारखी विरघळायची. पण वेळेवर येतो कोण? आधी झाडफूक करणारा ओझा, मग मामाचा शाप काढायचा, मग बकरं कापायचं, आणि शेवटी इस्पितळ.

डॉक्टर सेबुन्या कंपालाचा माणूस. बारीक, कमी बोलणारा. त्याला हा आजार जबडा सुजायच्या आधीच ओळखायचा होता. एक जंतू असतो, त्याची लागण लहानपणी सगळ्यांनाच होऊन जाते, आणि त्याच्याशी लढल्याची खूण रक्तात राहते. ज्या पोराच्या रक्तात ही खूण फार जास्त, त्यालाच पुढं जबडा होतो का? हे बघायचं तर आज धडधाकट असलेल्या हजारो पोरांचं रक्त काढायचं, त्यातलं वरचं पिवळं पाणी बाटलीत भरून बर्फात ठेवायचं, आणि वाट बघत बसायचं. कुणाचा जबडा सुजला की त्याची जुनी बाटली काढायची. त्याच्याच वस्तीतल्या, त्याच्याच वयाच्या चांगल्या पोराची बाटली शेजारी ठेवायची आणि दोन्ही ताडून बघायच्या.

अझाबोनं लोकांना गोळा करायचं, पोरांचे हात धरायचे, आणि मग वर्षानुवर्षं सायकलवरून जबडे शोधत फिरायचं.

लोकांना वाटायचं रक्त विकतात. एका बाईनं त्याला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "विकायचं असतं तर तुझ्या पोराचं घेतलं असतं का? या चिमणीचं कोण घेणार? तुझ्या नवऱ्याचं घेतलं असतं. त्यात निम्मी दारू आहे, दोनदा विकता आलं असतं." बाई हसली, नवरा हसला नाही, पण पोर रांगेत आलं. असं त्याचं काम चालायचं.

त्याची थोरली बहीण मातुरु दोन टेकड्या पलीकडं दिली होती. तिच्या नवऱ्याच्या दोन बायका, मातुरु आणि लेकू. दोघींच्या झोपड्या एकाच अंगणात, समोरासमोर. मातुरुची दोन पोरं मातीत गेली होती. पहिलं तापानं गेलं. दुसऱ्यालाही ताप आला, त्याला दवाखान्यात सुई टोचली आणि तिसऱ्या दिवशी ते गेलं. तिसरा झाला तेव्हा तिनं त्याचं नाव ओन्झिमा ठेवलं. वाईट, या अर्थाचं. चांगलं नाव दिलं की कुणीतरी उचलून नेतं. ती त्याला पाहुण्यांसमोर आणायची नाही, त्याचं डोकं कायम भादरलेलं ठेवायची, आणि याच्या अंगाला सुई लागू द्यायची नाही असं तिनं दुसऱ्याच्या खड्ड्यावर उभं राहूनच ठरवून टाकलं होतं.

लेकूचा आयिको ओन्झिमाच्याच वयाचा. बाप एक, त्यामुळं तोंडंही सारखीच. फक्त आयिको दांडगा होता.

रक्तवाले त्या वस्तीवर आले तेव्हा दोघंही चार वर्षांचे असतील. चिंचेखाली टेबल मांडलं होतं. मुकादमाचा माणूस काठी घेऊन घराघरात फिरत होता, कारण ज्या झोपडीत पोर त्या झोपडीनं यायचंच, असा हुकूम होता. पोरामागं मिठाची एक पुडी मिळायची. त्या वर्षी मिलिटरीच्या राज्यात मीठ दिसायचं बंद झालं होतं, म्हणून रांग चांगली लागली होती. लेकू बाजाराला गेली होती आणि आयिकोला मातुरुकडं सोडून गेली होती.

मातुरु आयिकोला घेऊन आली. नाव सांगितलं, आयिको, लेकूचा. नर्सनं डाव्या हाताचं रक्त काढलं, वर कापूस लावला, मीठ दिलं. रांग बरीच पुढं सरकली आणि मातुरु परत आली. या खेपेला कडेवरचं पोर फडक्यात गुंडाळलेलं, डावा हात आत, उजवा बाहेर. "ओन्झिमा," ती म्हणाली. "माझा."

अझाबोनं उजवा हात धरला. गप्प ठेवायला दिलेल्या तिळाचे दाणे पोराच्या तोंडाला चिकटले होते. फडक्याच्या आत, डाव्या कोपराला, कापूस दिसत होता.

"मामा, परत का?" आयिको म्हणाला.

नर्स कंपालाची. तिला आपली भाषा येत नव्हती. "काय म्हणतोय?"

अझाबोनं बहिणीकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती, सुईकडं बघत होती.

"घाबरलोय म्हणतोय," अझाबो म्हणाला. आणि हात घट्ट धरला.

संध्याकाळी त्यानं तिला गाठलं. "हे काय केलंस?"

"तुझी लाज राखली," मातुरु म्हणाली. "गावभर ओरडत फिरतोस, पोरं आणा, पोरं आणा. बहिणीचंच पोर आलं नसतं तर लोकांनी तुझी सायकल नदीत टाकली असती."

"आणि आयिको?"

"दांडगा आहे. चमचाभर रक्तानं काय होतंय त्याला?"

अझाबोलाही तसंच वाटलं. चमचाभर रक्त, हजारांतली एक बाटली. तो मूग गिळून गप्प बसला, आणि पुढं विसरूनही गेला.

तीन वर्षं गेली. एके दिवशी तो त्या अंगणात सायकल टेकवून पाणी पीत होता. लेकू सुपात भुईमूग पाखडत होती.

"दादा," ती म्हणाली, "आयिकोला चावता येईना. दात हलतोय म्हणतो."

"सात वर्षांचा झाला. पडायचंच वय आहे."

"मागची दाढ आहे."

अझाबोनं भांडं खाली ठेवलं. पोराला जवळ घेऊन गालावरून अंगठा फिरवला. आत काहीतरी टणक होतं, हाडाला चिकटलेलं. असे गाल त्यानं पुष्कळ चाचपले होते. त्यानं सायकलचा कॅरिअर मोकळा केला आणि म्हणाला, "चल वहिनी. आत्ताच."

"ओझ्याला विचारायचं होतं."

"त्याला येताना विचारू. तो कुठं पळून जात नाही."

पोर पुढच्या दांड्यावर, लेकू मागं. चढावर तिघंही चालले. त्याच दिवशी सुई लागली. पोरानं दोन दिवस ओकाऱ्या काढल्या, तोंड आलं, केस उशीला लागून आले. पण आठवडा संपायच्या आत जबडा खाली बसला. लेकूनं भाकरीचा मऊ तुकडा त्याच्या तोंडात घातला आणि त्यानं तो चावला. अजून सुया राहिल्या होत्या, महिनाभर राहावं लागणार होतं, पण पोर वाचेल असं डॉक्टर म्हणाला.

आणि त्यानंतर डॉक्टर सेबुन्यानं अझाबोला बाहेर बोलावलं. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदा हसताना दिसत होता.

"या पोराचं रक्त आपल्याकडं आहे. आजाराच्या तीन वर्षं आधीचं. असं किती पोरांचं मिळतं? बोटांवर मोजण्याइतकं. आणि ताडायला काय मिळालंय बघ. त्याचाच भाऊ, त्याच वयाचा, एकच बाप, एकच अंगण, तेच पाणी, तेच डास. तो धडधाकट आहे. ओन्झिमा. याहून चांगली जोडी मागून मिळत नाही."

"दोन्ही बाटल्या पुढच्या आठवड्यात तपासणीला जातील," डॉक्टर म्हणाला. "आजारी पोराच्या रक्तात खूण जास्त निघाली आणि चांगल्याच्या कमी, तर आपण बरोबर वाटेवर आहोत. दोघांची सारखी निघाली तर आपली कल्पना खोटी."

सारखीच निघणार होती. एकाच पोराच्या दोन हातांचं रक्त सारखं नाही निघणार तर काय निघणार. म्हणजे डॉक्टर म्हणणार, आधी कळत नाही. आणि मग आधी बघायचा प्रयत्न कुणी करणार नाही. अझाबो शाळेत टिकला नाही म्हणून डोक्यानं कमी नव्हता. हे त्याला तिथंच उभ्या उभ्या कळलं.

तो बहिणीकडं गेला. तिनं सगळं ऐकलं आणि चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"सांगितलंस तर मी मेले," ती म्हणाली. "सवतीच्या पोराचं रक्त मी माझ्या पोराच्या नावानं दिलं. आणि आता तेच पोर आजारी पडलं. लोक काय म्हणतील? म्हणतील मरण हिच्या पोराचं होतं, हिनं याच्यावर ढकललं. करणी म्हणतील. मला हाकलतील. ओन्झिमा राहील इथं, बापाच्या घरचा म्हणून. एकच उरलाय मला."

"मी सांगत नाही," अझाबो म्हणाला. "तुझं नाव नाही येणार."

भावाचा शब्द म्हणजे शब्द. त्यानं सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसमोर जाऊन म्हणाला, "त्या दिवशी मी प्यालो होतो. बाटल्यांच्या चिठ्ठ्या मी चिकटवल्या, त्या चुकल्या. त्या दोन बाटल्या एकाच पोराच्या आहेत, आयिकोच्या. ओन्झिमाची टाकून द्या."

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. "तू प्यायला होतास."

"हो."

"इतका की कुठली चिठ्ठी कुठं लावतोय ते कळत नव्हतं."

"हो."

"मग दोन्ही एकाच पोराच्या आहेत हे कसं कळलं तुला?"

अझाबोनं नवी गोष्ट जुळवायला तोंड उघडलं, पण डॉक्टरनं हात वर केला.

"मला कारण नको," डॉक्टर म्हणाला. "कारणं ऐकायला मला वेळ नाही. पण प्यायलेल्या माणसाच्या शब्दावर मी बाटली ठेवतही नाही आणि टाकतही नाही. त्या दुसऱ्या पोराचं थोडं रक्त आण. दोघांचे रक्तगट वेगळे असतील, तर जुन्या बाटल्यांतल्या पिवळ्या पाण्यावरूनही कळेल कुठली कुणाची. एकच गट निघाला तर देव बघेल. आणि आजपासून तू टेबलापाशी उभा राहायचं नाहीस. सायकल चालव."

म्हणजे ओन्झिमाचं रक्त. जे द्यायला लागू नये म्हणून हे सगळं झालं, तेच.

अझाबोनं बहिणीला काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, लेकू तिकडं एकटी आहे, पोराला घेऊन भाकरी द्यायला चल. त्याला वाटलं, तिथं गेल्यावर काहीतरी जमवू. हा त्याचा जन्माचा स्वभाव. आधी निघायचं, मग रस्ता शोधायचा.

वॉर्डात आयिको खाटेवर मांडी घालून बसला होता. डोकं कोंबडीच्या अंड्यासारखं गुळगुळीत. ओन्झिमाला बघून तो म्हणाला, "आता तुझ्यासारखंच झालं."

"माझे उगवतात तरी," ओन्झिमा म्हणाला.

"माझे पण उगवणार. डॉक्टर म्हणाला. तू कशाला आलास, सुई घ्यायला?"

"मला काय झालंय?"

"घाबरतोस म्हण. मला पुष्कळ झाल्या. एकदाही रडलो नाही."

"रडलास. नदीच्या पलीकडं ऐकू आलं."

"ते बाजूच्या खाटेवरचं पोर होतं."

बाजूच्या खाटेवर एक चिमुरडी होती. तिनं दोघांकडं रागानं बघितलं.

मातुरुनं बाजरीची भाकरी आणि चवळीच्या पाल्याची भाजी काढली. लेकू भुईमूग सोलत होती. अझाबो खाटेच्या पायथ्याशी उभा राहून कधी पंख्याबद्दल बोलत होता, कधी रस्त्याबद्दल. लेकूनं बराच वेळ ऐकलं.

"दादा," ती म्हणाली, "किती वेळ चघळताय? गिळा, नाहीतर थुंका."

"काही नाही वहिनी."

"मग मी थुंकते." तिनं मुठीतले दाणे पोराच्या पुढ्यात टाकले. "त्या दिवशी मी बाजारातून आले तर माझ्या चुलीपाशी मिठाच्या दोन पुड्या. पोरामागं एक पुडी, हे तुम्हीच गावभर ओरडत होता. संध्याकाळी पोराला धुतलं तर दोन्ही कोपरांना टोचलेलं. एकावर कापूस अजून चिकटलेला. माझं पोर मी धुते, दुसरं कुणी नाही."

मातुरुच्या हातातली भाकरी तशीच राहिली. अझाबोला वाटलं, झालं. आता ही उठेल, दारात उभी राहील आणि ओरडेल, आणि त्याची बहीण अंगणातून जाईल.

"बोलली का नाहीस?" मातुरुनं विचारलं.

"काय बोलू? तुझं दुसरं गेलं तेव्हा खड्ड्यापर्यंत मीच धरून नेलं होतं तुला. सुई म्हटलं की तुझं तोंड कसं होतं ते मला ठाऊक आहे." लेकूनं आणखी एक शेंग फोडली. "आणि माझं मीठही संपलं होतं."

कुणी हसलं नाही.

"जबडा धरला तेव्हा मात्र आलं मनात," लेकू म्हणाली. "खोटं कशाला सांगू. सूप घेऊन बसले होते आणि वाटत होतं, उठावं आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं ओरडावं. तेवढ्यात तुझा भाऊ आला आणि सायकलवर बस म्हणाला. ओरडायचं राहिलं."

"आता ओरडशील?"

"पोराला बघ. चावतोय. आता ओरडून काय मिळणार मला?" तिनं हात झटकले. "पण एक आहे. माझ्या पोराच्या दोन्ही हातांना टोचलं, त्यातला एक हात तुझ्या पोराचा होता. तो त्यानं द्यावा. मग तुझं माझं काही नाही."

अझाबो तेव्हा बोलला. डॉक्टरला तेच पाहिजे आहे, कुठली बाटली कुणाची ते ताडायचं आहे, एवढंच त्यानं सांगितलं. बहिणीला न सांगता आणलं, हेही सांगितलं.

मातुरु त्याच्याकडं वळली. "म्हणजे भाकरी निमित्त होती."

"भाकरीपण होती."

बाहेर कुणीतरी बादली आपटली. ओन्झिमा आयिकोच्या टकलावर बोट टेकवून बघत होता, गरम आहे का गार. मग मातुरुनं त्याला मनगटाला धरून ओढलं आणि नर्स यायची वाट बघत उभी राहिली.

नर्स आली. अझाबो सवयीनं पोराचा हात धरायला पुढं झाला.

"तू नको धरूस," मातुरु म्हणाली. "तू धरलंस की भलतंच होतं."

तिनं स्वतः हात धरला. सुई लागली तेव्हा तोंड भिंतीकडं केलं. ओन्झिमानं ओठ आवळले, कारण आयिको समोरून बघत होता.

"रडला," आयिको म्हणाला.

"कुठं?"

"डोळ्यात आलंय."

"घाम आहे."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरनं अझाबोला सांगितलं. दोघांचे गट वेगळे निघाले. जुन्या दोन्ही बाटल्या आयिकोच्या गटाशी जुळल्या, ओन्झिमाच्या गटाशी एकही नाही. डॉक्टरनं ओन्झिमाची बाटली बाद केली आणि शेजारच्या वस्तीतल्या दुसऱ्या पोराची घेतली. आयिकोच्या रक्तात ती खूण त्या पोरापेक्षा कितीतरी जास्त निघाली. अझाबोनं विचारलं, मग ठरलं का? डॉक्टर म्हणाला, एका पोरावरून काही ठरत नाही, जबडा सुजलेली आणखी पोरं लागतील. मग म्हणाला, आणखी पोरं लागतील म्हणजे काय ते आत्ता माझ्या लक्षात आलं, आणि आत निघून गेला.

मातुरुनं भावाशी एक पूर्ण पाऊसकाळ अबोला धरला. लेकूशी मात्र बोलत होती. तिला आता भुईमूग सोलून द्यायची.

अझाबोला टेबलापाशी परत घेतलं नाही. त्यानं मागितलंही नाही. गावागावात फिरून गाल चाचपायचं काम त्यानं मिलिटरीचं राज्य उलथवणारी लढाई पेटेपर्यंत केलं. आयिकोला सोडून तीन पोरं त्यानं वेळेवर इस्पितळात पोचवली. ज्यांना पोचवता आलं नाही त्यांची नावं तो घेत नाही.

आता तो म्हातारा आहे. सायकल नातवाकडं आहे. पण कुठलंही पोर समोर आलं की आधी त्याचे दोन्ही हात धरतो, उलटे करतो आणि कोपरांच्या आतल्या बाजू बघतो. पोरांना वाटतं म्हातारा खेळतोय. आयिको चाळिशी उलटलेला, मालट्रक चालवतो. अंगणात गाडी लावून उतरला की तो दोन्ही बाह्या वर करून हात त्याच्यासमोर धरतो.

"घे मामा," तो म्हणतो. "आधी बघून घे. मग जेवायला वाढ."